‘यू’चं मराठी

नोकरीला लागले तेव्हा मी ‘बाई’ होते आणि निवृत्त झाले तेव्हा ‘मॅडम’. मधल्या वर्षांत माझ्यात काही फरक पडला नाही, चष्म्याचा नंबर तेवढा वाढला. आजही जुन्नरच्या बाजारात भाजी घेताना मागून कुणी ‘बाई’ म्हणून हाक मारली, की समजायचं, हा माझा सुरुवातीचा विद्यार्थी. ‘मॅडम’ म्हणाला तर नंतरचा. एका हाकेवरून माणसाचं वय कळतं. कधी कधी त्याहून बरंच काही कळतं, आणि त्यावरच लिहायचं म्हणून बसले आहे. पण त्याआधी आमचा धंदा काय असतो ते सांगते, कारण इंग्रजीच्या शिक्षिकेबद्दल लोकांचे फार गोड गैरसमज असतात.

लोकांना वाटतं, आम्ही वर्गात फाडफाड इंग्रजी बोलतो. छे! खेड्यातल्या माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवायचं म्हणजे धडा मोठ्याने वाचायचा, एकेका वाक्याचं मराठी सांगायचं, अवघड शब्द फळ्यावर लिहायचे आणि खालची प्रश्नोत्तरं उतरवून द्यायची. हे सगळं तयार छापलेलं गाईड बाजारात मिळतं. पोरांच्या दप्तरात पुस्तक नसलं तरी गाईड असतंच. परीक्षेत पास व्हायला तेवढं पुरतं, आणि पोरं पास होण्यासाठीच शाळेत येतात, यात त्यांची काही चूक नाही. पण धड्यात गोष्ट असते, गोष्टीत माणसं असतात, आणि ती माणसं या घाईत तशीच उपाशी निघून जातात. मला ते बघवायचं नाही. म्हणून मी एक खोड लावून घेतली. गोष्टीचा धडा आला की गाईडं दप्तरात टाकायला लावायची आणि मराठी वर्गाने मिळून करायचं. एका तासाचं काम चार तासांवर जायचं, पोर्शन मागे पडायचा, हेडमास्तरांच्या कपाळावर आठ्या पडायच्या. पण पोरं जागी राहायची.

पहिली काही वर्षं मी घोडेगावच्या पश्चिमेला, डोंगरातल्या एका शाळेत होते. भात आणि नाचणीचा मुलूख. पावसाळ्यात एसटी आली तर आली. तिथे एका धड्यात एक अनाथ मुलगी होती आणि तिला तिची ‘आँट’ मारायची. वर्गात प्रश्न उभा राहिला, ही आँट नेमकी कोण? मावशी, आत्या, चुलती की मामी? नात्यांच्या बाबतीत इंग्रजी ही फार कंजूष भाषा आहे, चौघींना मिळून एकच शब्द. मी म्हटलं, तुम्हीच ठरवा.

“चुलतीच आसंल,” मागच्या बाकावरून एकमुखाने निकाल लागला. “मावशी कशाला मारील, बाई?”

सगळ्यांना पटलं. मी फळ्यावर ‘चुलती’ लिहिलं. तेवढ्यात पहिल्या बाकावरची एक बारकी मुलगी खाली बघत म्हणाली, “मावशीबी मारती.” ती मावशीकडे राहून शिकत होती. मी ‘चुलती’ पुसून टाकलं आणि फळ्यावर नुसतं ‘आँट’ लिहिलं. इंग्रजीच्या कंजूषपणाचा आडोसाही होतो, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढे माझी बदली बेल्ह्याच्या बाजूला झाली. इकडचा माणूस वेगळा. कांदा, बागायत, मोटारसायकली. बेल्ह्याचा बैलबाजार असला की वर्ग निम्मा रिकामा, आणि दुसऱ्या दिवशी पोरं बैलांच्या किमती इंग्रजीत सांगायची, तेवढीच माझी वसुली. इथेच मला ‘मॅडम’ची बढती मिळाली. आणि इथेच एका वर्षी नववीच्या वर्गात तो पेरूच्या झाडाचा धडा आला.

खरं तर तो पेरूचा नव्हताच. इंग्रजी पुस्तकात झाड ‘पेअर’चं होतं. पण ‘पेअर’ ऐकल्याबरोबर अख्खा वर्ग “पेरू!” म्हणून ओरडला. गाईडात नासपती लिहिलं होतं. नासपती आमच्या पंचक्रोशीत कुणी पाहिली नव्हती, मीही खाल्ली नव्हती. म्हटलं, असू दे पेरू. गोष्ट साधी होती. एका बंगल्याचा तरुण मालक आणि त्याचा म्हातारा माळी. बागेत एक झाड, बरीच वर्षं फळ न धरणारं. मालक म्हणतो तोडून टाक, माळी म्हणतो नाही तोडणार. मालक चिडतो आणि माळ्यालाच कामावरून काढतो. पुढच्या हंगामात झाड फळांनी लगडतं. मग मालक टोपलीभर फळं घेऊन माळ्याच्या झोपडीपाशी जातो आणि म्हणतो, “विल यू कम बॅक?”

मी विचारलं, “सांगा याचं मराठी.”

“तू परत येशील का?” सगळ्यांनी एका सुरात सांगितलं. गाईडातही तेच होतं.

“न्हाई मॅडम,” सुजाता म्हणाली. “तुमी परत येताल का, आसं पायजे.”

सुजाता गावाच्या खालच्या अंगाला, बौद्ध वस्तीत राहायची. सावळी, उंच आणि प्रश्नाला प्रश्न विचारणारी. वर्ग हसला. मालक माळ्याला ‘तुम्ही’ कसा म्हणेल? मी म्हटलं, कशावरून सांगतेस? तिने पुस्तक उचललं. “पहिल्या पानावर माळी दर वाक्याला सर म्हणतोय, मॅडम. शेवटच्या पानावर एकदाबी सर म्हणलेला न्हाई. आन् मालक त्याच्या दारात हुबा राह्यलाय, आत बोलवायची वाट बघत. म्हंजी कायतरी बदाललंय का न्हाई?”

मी तो धडा त्याआधीही कितीतरी वर्षं शिकवला होता. ‘सर’ गळाल्याचं माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की तास संपल्यावरही मी वर्गातच उभी राहिले. मग पोरांचा खेळच झाला, मालकाचा ‘तू’ नेमका कुठे संपतो आणि ‘तुम्ही’ कुठे सुरू होतो. कुणी म्हणे झाडाला फळ दिसलं तेव्हा, कुणी म्हणे टोपली उचलली तेव्हा. इंग्रजीत सगळीकडे एकच ‘यू’. तो एवढासा शब्द फोडला की आत आमचं गाव निघायचं.

या धड्याचं मराठी नाटक करून स्नेहसंमेलनात बसवायचं, असं मीच उत्साहाच्या भरात जाहीर केलं. मालकाचं काम विकासला दिलं. गावातलं मोठं घर, आजोबा शाळा समितीवर, आवाज खणखणीत. माळी व्हायला कुणी मुलगा तयार होईना, म्हणून सुजाता म्हणाली, मी होते. आजोबांचा फेटा आणि काठी घेऊन आली, मिशी काजळाने काढली. आणि तालमीत गाडी अडली. पहिल्या प्रवेशातला “ए, इकडं ये!” विकास झोकात म्हणायचा. शेवटच्या प्रवेशात “तुम्ही परत याल का?” आलं की थांबायचा, किंवा हसायचा, किंवा “तू”च म्हणून मोकळा व्हायचा.

“जीभ वळत न्हाई, मॅडम,” तो एक दिवस वैतागून म्हणाला. “हिनं फेटा बांधला की मला धोंडिबाच दिसतो. धोंडिबाला कुणी तुमी म्हणतं व्हय?”

धोंडिबा म्हणजे सुजाताचे आजोबा. गवंडी. गावातली निम्मी घरं त्यांच्या हातची, विकासच्या घराचं जोतंही त्यांनी घातलेलं. आमच्या शाळेचा दगडी स्टेजसुद्धा त्यांनीच बांधला होता. आणि गावातलं शेंबडं पोरसुद्धा त्यांना “ए धोंडिबा” म्हणायचं. विकास वाईट मुलगा नव्हता. त्याने टोमणा मारला नव्हता, त्याला शिकवलेलं व्याकरण सांगितलं होतं. सुजाता काठी टेकून उभी होती. तिने फक्त एवढंच म्हटलं, “पुस्तकात लिव्हलंय ते म्हण.”

“पुस्तकात यू लिव्हलंय!” विकास म्हणाला. आणि खोटं नव्हतं ते.

तालीम संपल्यावर ती माझ्याबरोबर एसटी स्टॉपपर्यंत चालत आली. मग म्हणाली, “मॅडम, वस्तीत आज्याला सगळी बाबा म्हणत्यात, तुमी म्हणत्यात. पर वर गावात त्याला कुणी तुमी म्हणलेलं मी अजून आईकलं न्हाई. मला एकदा आईकायचंय. नाटकात का व्हईना. आजा पुढं बसलेला पायजे आन् त्या विकासनं म्हणलं पायजे.” एसटी आली. मी खिडकीत बसले आणि जुन्नर येईपर्यंत माझे डोळे कोरडे झाले नाहीत, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

विकासने घरी पाठांतर केलं असणार, कारण दोन दिवसांनी अण्णा शाळेत आले. अण्णा म्हणजे त्याचे आजोबा. पांढरंशुभ्र धोतर, मोजकं बोलणं. खरं सांगायचं तर मला ते आवडायचे. शाळेच्या पत्र्यासाठी तालुक्याला खेटे घालणारे तेच एकटे. हेडमास्तरांनी चहा मागवला. ते अण्णांशी बोलताना नेहमी ‘आपण’वर जायचे.

“बाई,” अण्णा मला शेवटपर्यंत ‘बाई’च म्हणत, “तिकडं विलायतेत काय चालत आसंल ते चालू द्या. हितं मालक गड्याला आहो-जाहो कराय लागला, तर गडी भिऊन पळून जाईल. नाटक खोटं वाटतंय.”

“नाटकातल्या मालकाची चूक झालेली असते, अण्णा. तो माफी मागायला आलाय.”

“मागू द्या की. तू म्हणून माफी मागता येत न्हाई व्हय? आमी आमच्या आईला तूच म्हणतो.”

याचं उत्तर मला अण्णा गेल्यावर सुचलं, माझं नेहमीचंच आहे. आईला आपण ‘तू’ म्हणतो तेव्हा तीही आपल्याला ‘तू’ म्हणते. धोंडिबा बाबा अण्णांना ‘तू’ म्हणू शकत होते का? दोघं एकाच वयाचे होते.

हेडमास्तर भला माणूस, पण भांडणाचा वास आला की त्यांचं पोट बिघडायचं. “मॅडम, एका शब्दानं काय बिघडतं?” ते म्हणाले. मी म्हटलं, “काहीच बिघडत नसेल तर राहू द्या की ‘तुम्ही’.” त्यांनी डोकं खाजवलं आणि मग त्यांचा चेहरा उजळला. “असं करा, शेवटचा प्रवेश इंग्रजीतच ठेवा. यू म्हटलं की सगळे खूश! पाहुण्यांनाही वाटेल, पोरं इंग्रजी बोलतात.”

असा तोडगा निघाला. मला संताप आला होता, पण नाही म्हटलं असतं तर नाटकच रद्द झालं असतं. सुजाताला सांगितलं, तेव्हा तिने खाली वाकून काठीचं टोक जमिनीवर घासलं. “यू म्हंजी काय कळणार आज्याला?” ती म्हणाली, आणि पाठांतराला लागली.

तेव्हा लोडशेडिंग जोरात होतं, म्हणून संमेलन भर दुपारी ठेवलं. पाहुण्यांना आणि समितीला खुर्च्या, गावाला सतरंज्या. धोंडिबा बाबा धुतलेला सदरा घालून आले, डोकं मोकळं, कारण फेटा नातीच्या डोक्यावर होता. सतरंजीच्या अगदी कडेला, अर्धे मातीत बसले. नाटक रंगलं. “ए, इकडं ये!”ला हशा पिकला. पेरूच्या झाडासाठी पोरांनी बाभळीच्या फांदीला खरे पेरू बांधले होते, त्यातला एक भलत्याच वेळी खाली पडला, त्यालाही टाळ्या मिळाल्या. मग शेवटचा प्रवेश आला. विकास टोपली घेऊन आला, झोपडीपाशी थांबला. मी विंगेत, म्हणजे बांधलेल्या चादरीमागे, पुस्तक घेऊन उभी.

“विल...” विकास म्हणाला आणि थांबला.

मी कुजबुजले, “विल यू...” त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याची नजर सुजाताच्या फेट्यावर होती. मग टोपली खाली ठेवली आणि तो म्हणाला, “माझं चुकलं. तुमी परत याल का?”

इंग्रजी विसरला म्हणून म्हणाला की ठरवून म्हणाला, ते मी त्याला कधी विचारलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही. तालमीत पुस्तकी ‘तुम्ही’ शेवटपर्यंत त्याच्या तोंडी बसला नव्हता. हा त्याच्या घरातला ‘तुमी’ होता, मोठ्या माणसांना म्हणायचा. आता सुजाताने “आय विल” म्हणायचं होतं. तिची काजळाची मिशी ओघळायला लागली होती. मग म्हाताऱ्याच्या आवाजात, सावकाश म्हणाली, “येतो की. तू हाक मारलीस, मंग येतो लेकरा.”

मी चादर बाजूला करून खुर्च्यांकडे पाहिलं. अण्णा ताठ बसले होते, चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. टाळी पहिल्यांदा बायकांच्या बाजूने आली, मग सगळीकडून. आणि धोंडिबा बाबा? ते टाळी वाजवत नव्हते. दोन्ही हात मोकळ्या डोक्यावर ठेवून नुसते बसून होते. सुजाताने खाली उतरून त्यांच्या डोक्यावर फेटा ठेवला. मला वाटलं, आता काही बोलतील. ते म्हणाले, “मिशी पुस.”

संमेलनानंतर जग बदललं वगैरे काही नाही. मला मात्र एक मजेदार गोष्ट दिसायला लागली. अण्णांनी धोंडिबांना ‘तू’ म्हणणं सोडलं. ‘तुम्ही’ म्हणायला लागले म्हणावं, तर तेही नाही. शाळेच्या कंपाउंडचं काम निघालं तेव्हा मी रोज ऐकायची. “धोंडिबा, भिंत कवा धरायची?” “धोंडिबा, चहा घ्यायचा का?” “आता जेवायला जायचं आसंल.” प्रत्येक वाक्य असं बेताने बांधलेलं, की त्यात तूही नको आणि तुम्हीही नको. आमच्या मराठीत ही सोय आहे. सासरी नवी सून नवऱ्याशी असंच बोलते, अधांतरी. मला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं. इतक्या वयाचा माणूस एका पायरीवर अडकून पडला होता. खाली उतरायचं नव्हतं आणि वर चढवत नव्हतं. मी अण्णांना त्याबद्दल कधी छेडलं नाही. धोंडिबा बाबाही त्याच वाक्यांना त्याच चालीत उत्तरं द्यायचे. “घ्यायचा की.” “धरायची उद्याच्याला.” दोन म्हातारे मिळून एक नवीच भाषा बोलत होते आणि भिंत मात्र सरळ उभी राहत होती.

सुजाता दहावी झाली, पुढे शिकायला पुण्याला गेली. विकास शेती बघायला लागला. तो धोंडिबांना ‘बाबा’ म्हणतो, हे मी एसटी स्टॉपवर स्वतःच्या कानांनी ऐकलं. धडा पुढे पुस्तकातून गेला, नवीन पुस्तकं आली, नवीन गाईडं आली. त्या नव्या पुस्तकांत गोष्टी कमी आणि अर्ज भरायचं इंग्रजी जास्त. पोरांना त्याची गरज आहे हे मला कळतं, पण मला ते कधी शिकवता आलं नाही. अर्जात ‘यू’ कुणाला म्हणतात, यावर कोण भांडणार?

माझ्या निवृत्तीच्या सुमाराला अण्णा आजारी पडले. अर्धांगाचा झटका. बोलणं बरंचसं गेलं, एखाददुसरा शब्द मोठ्या कष्टाने निघायचा. मी भेटायला गेले. ओसरीवर कॉट टाकली होती, मला उशाशी खुर्ची दिली. विकास जमिनीवर बसून अण्णांचे पाय चेपत होता. मी काहीबाही बोलत होते, ते ऐकत होते. तेवढ्यात धोंडिबा बाबा आले. अंगणातच चपला काढल्या आणि पायरीपाशी, ओसरीच्या खाली उभे राहिले. त्यांनीच घातलेलं ते जोतं. कितीही वेळ लागो, ते तिथेच उभे राहायचे हे सगळ्यांना माहीत होतं.

अण्णांनी मान वळवली. तोंड वेडंवाकडं झालं, गळ्याच्या शिरा ताणल्या. विकास पाणी आणायला उठला, पण पाणी नको होतं. बराच प्रयत्न करून एक शब्द बाहेर आला.

“बसा.”

धोंडिबा बाबांनी माझ्याकडे पाहिलं. “मॅडम, तुमाला बसा म्हणत्यात.”

“बाबा,” मी म्हटलं, “मी तर मघापासून बसलेलीच आहे.”